भर पावसातलं तिखट

"वुबालेम, तोंड मिटून बस. निघालेल्या बाईनं आपल्या सावलीलाही सांगू नये, कुठं चाललोय ते."

आईचा हा आवाज वुबालेमच्या कानात अजून तसाच होता, दगडावर दगड घासल्याच्या घरघरीत भिजलेला. आई वाकून टेफचं बारीक धान्य दळत होती आणि मान वर न करता बोलत होती. वुबालेम तेव्हा अठराची. परदेशातल्या नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली होती आणि ती गोष्ट तिच्या पोटात मावत नव्हती. तिनं ती पाणवठ्यावर सांगितली, चर्चच्या आवारात सांगितली, बाजारात कांदे विकणारीलाही सांगितली. वडलांनी मेंढा कापला. गाव जेवलं, हात धुऊन घरी गेलं आणि मागोमाग निरोप आला की ती जागा दुसऱ्या कुणाला दिली.

गाव म्हणालं, दृष्ट लागली. आईनं दुसऱ्या दिवशी दळताना फक्त एक ओवी म्हटली:

नदीला विचारू नये, कुठे निघालीस बाई
सांगून निघालं पाणी, समुद्राला पोचत नाही.

परदेशच्या थंडीसाठी घेतलेला लाल कोट वुबालेमनं मग आपल्या डोंगरातल्या देब्रे ताबोरच्याच थंडीत वापरून टाकला. तो घालून ती गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाऊ लागली. कोपरं विरली, बटणं गेली, शेवटी त्याचं पोतेरं झालं. आई गेली. लग्न एकदा ठरलं आणि मोडलं. गाव तिला बाई म्हणू लागलं, आणि बाई म्हटलं की माणसाला घर आहे का, कुणी वाट बघतं का, हे विचारायचं राहूनच जातं.

निलगिरीच्या कुंपणापलीकडे देब्रितूचं घर. देब्रितूचा नवरा मालमोटार चालवायचा, तो महिन्यातून एखाद्या रात्रीपुरता घरी. मस्तेवाल ही एकुलती एक लेक. दोन घरांत कॉफी एकच. आज हिच्याकडे भाजायची, उद्या तिच्याकडे. मस्तेवाल लहानपणापासून कुंपणाच्या फटीतून बाईंच्या घरात शिरायची आणि चुलीपाशी पाय पोटाशी घेऊन वाचत बसायची. वुबालेमनं तिला आपल्याजवळ होतं ते सगळं दिलं. मग एक दिवस पोरीनं एका वाक्याचा अर्थ विचारला आणि वुबालेमला तो आला नाही. "आधी मागचं पाठ कर," ती म्हणाली. पोर खाली मान घालून मागचं पाठ करू लागली. तिला ते केव्हाच पाठ होतं. वुबालेमच्या काळजात कुसळ शिरलं ते त्या दिवशी.

तरी वाट दाखवली तीही वुबालेमनंच. पूर्वी कधी तिच्या शाळेत एक अमेरिकन बाई शिकवायला होती. ती आता तिकडे, बर्फाच्या मुलखातल्या एका निवासी शाळेत होती. दरवर्षी ख्रिसमसच्या शुभेच्छा पाठवायची, आमच्या जानेवारीतल्या ख्रिसमसच्या कितीतरी आधी, आणि वुबालेमही न चुकवता उत्तर द्यायची. एके वर्षी तिनं विचारलं, तुझ्या नजरेत कुणी मुलगी आहे का? दोन वर्षं शिकेल, खर्च शाळेचा. वुबालेमनं मस्तेवालकडून निबंध लिहून घेतला, फाडायला लावला, परत लिहून घेतला. शाळेची माणसं फोनवर बोलली तेव्हा शेजारी बसून निम्मी उत्तरं तिनंच दिली. आणि जागा मिळाल्याचा निरोप आला तोही तिच्याच फोनवर. मधल्या सुट्टीत, पोरांच्या कलकलाटात तिनं तो वाचला. सुट्टी संपेपर्यंत तिनं तो कुणालाच सांगितला नाही. तेवढा वेळ ती जागा जणू तिचीच होती.

सांगितल्यावर देब्रितूनं तिच्या गुडघ्यांना हात लावला, रडली. त्यानंतर मात्र त्या घराला कुलूप लागल्यासारखं झालं. पासपोर्टचं काय झालं? "बघू." वकिलातीत कधी बोलावलंय? "अजून काही नाही बाई." मस्तेवाल कुंपणाची फट सोडून मागच्या चिखलाच्या वाटेनं जाऊ लागली. तिच्या गळ्यात कातड्यात शिवलेला ताईत दिसू लागला.

आणि मग, धो धो पाऊस कोसळत असताना एका सकाळी देब्रितूच्या घरातून मिरच्या भाजल्याचा असा खकाणा उठला की सगळी आळी खोकू लागली.

त्या दिवशी कॉफी देब्रितूकडे होती. इमाहोय वलेते आल्या होत्या. म्हाताऱ्या, विधवा, डोक्यावर जोगिणीची पिवळी टोपी; संसार सोडला होता, पण दुसऱ्यांच्या संसारातलं लक्ष सोडलं नव्हतं.

"देब्रितू," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "भर पावसात तिखट कोण करतं गं? मिरच्या काय ढगावर वाळत घातल्यास?"

"चुलीवर वाळवल्या, इमाहोय. घरातलं संपलं होतं."

"संपलं? दोन बायकांचं घर तुमचं. एवढ्या तिखटात फौज जेवेल."

"अदिसला चुलतबहिणीकडे लग्न आहे. तिनं मागवलंय."

"पावसाळ्यात लग्न?" इमाहोयनी कप खाली ठेवला. "नवरा मुलगा बेडूक आहे का?"

वुबालेमही हसली. हसताना तिची नजर कोपऱ्यातल्या सुपावर गेली. सुपात कणकेच्या बोराएवढ्या खरपूस गोळ्या गार व्हायला ठेवल्या होत्या. दाबो कोलो. लग्नाला ते कुणी नेत नाही. तो वाटेचा खाऊ, आणि वाटही अशी, की जिच्या शेवटी आईच्या हातचं काही मिळणार नाही.

मस्तेवाल भिंतीला टेकून जेवत होती. वुबालेमनं सहज तिच्याकडे पाहिलं, तोच देब्रितूनं हात लांब करून इंजेऱ्याच्या आंबट भाकरीच्या टोपलीवर झाकण सरकवलं. पोरीचा हात आतच राहिला.

"धूळ बसते गं," देब्रितू म्हणाली.

बाहेर पाऊस पत्र्यावर नाचत होता. धूळ म्हणे. आमच्याकडे ताट कुणापासून झाकतात हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. ज्याची नजर खाते, त्याच्यापासून. मस्तेवालनं हात हळूच बाहेर काढला. ती ना आईकडे बघत होती, ना बाईंकडे.

दुसरा कप झाला आणि वुबालेम उठली.

"बस की. तिसरा राहिलाय, बरकतीचा," देब्रितू म्हणाली.

"ठेव तुलाच. तुझ्या घरी सध्या बरकतीचे दिवस आहेत."

तिसरा कप सोडून उठणं म्हणजे तोंडावर थप्पड मारण्यासारखं.

घरी येऊन वुबालेम डाळ निवडायला बसली. खडे डाळीत आणि डाळ खड्यांत जाऊ लागली. ज्या हातानं वाट दाखवली, त्या हातापासून पोर लपवतात. मी चेटकी का? तिच्या ओठांवर आपोआप ओळी आल्या, आईच्या चालीत, पण शब्द तिचे:

शेजीच्या अंगणात, ऊन कसं गं सांडलं
माझ्या मेलीच्या दारात, ढगानं बस्तान मांडलं.

राग खरा होता. पण रागाच्या खाली दुसरं काही होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. डोळे मिटले की तिला बर्फ दिसायचा. तिनं कधीच न पाहिलेला, पिंजलेल्या कापसासारखा. त्यातून एक मुलगी लाल कोट घालून चालत जायची. ती मस्तेवालसारखी मान हलवायची, मस्तेवालसारखी पावलं टाकायची, आणि कोट मात्र वुबालेमचा असायचा. तो ओढून काढावा असं तिला वाटायचं. पोरीला थंडी वाजली तरी चालेल असं वाटायचं. मग ती उठून तोंडावर पाणी मारायची. देब्रितूनं झाकण सरकवलं यात तिचं काय चुकलं, हा प्रश्न त्या पाण्यानं धुऊन जात नव्हता.

मायलेकी राजधानीला, अदिसला गेल्या. आठवडा सरायच्या आत परतल्या. वुबालेमनं कुंपणाआडून पाहिलं: देब्रितू पुढे, पोर मागे, आणि तिखटाची पिशवी जशी गेली तशी परत आलेली.

"लग्न कसं झालं?" इमाहोयनी हटकलं.

"पुढं ढकललं."

"बेडूक पळाला वाटतं."

कुणी हसलं नाही. देब्रितूनं दार लावून घेतलं.

वुबालेमला कळायचं ते कळलं. त्या संध्याकाळी तिनं शिरोचं पिठलं केलं, वर ताजा लसूण घातला आणि ती पोटभर जेवली. कितीतरी दिवसांनी अन्नाला चव लागली. भांडी घासताना ती गुणगुणत होती. आपण गुणगुणतोय हे लक्षात आल्यावरही ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मस्तेवाल आली. मागच्या वाटेनं नाही, कुंपणाच्या फटीतून. आता ती तिथं मावत नव्हती, खांदा खरचटला. दारात उभी राहिली, डोक्यावरची ओढणी ओलीचिंब.

"बाई, आम्ही लग्नाला गेलो नव्हतो."

"माहीत आहे. बेडकांची लग्नं मला कळतात."

"आईनं शपथ घातली होती."

"तेही माहीत आहे. आत ये, भिजलीस."

ती चुलीपाशी आपल्या जुन्या जागेवर बसली. पाय पोटाशी घ्यायला गेली, पण ते आता लांब झाले होते.

"वकिलातीच्या खिडकीतला माणूस व्हिसा नाही म्हणाला," ती म्हणाली. "तारीख मिळाली तर पुन्हा येता येईल म्हणाले. परवाची मिळालीय. पण बाई, शाळा सुरू व्हायच्या आत आता हीच शेवटची. या वेळी नाही म्हणाले तर शाळा माझी जागा दुसऱ्या कुणाला देईल."

जागा दुसऱ्या कुणाला. वुबालेमनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सरकवलं.

"काय काय विचारलं?"

"आधी विचारलं, तुला खरंच या शाळेत जायचंय का. मी हो म्हटलं."

"कसं म्हटलंस?"

मस्तेवालनं भुवया किंचित उचलून श्वास झटकन आत ओढला. आमच्याकडे हो असंच म्हणतात. त्याला तोंड उघडावं लागत नाही.

"त्याला कळलं?"

"त्यानं परत विचारलं. मी परत म्हटलं."

"त्याला वाटलं असेल पोरीला दमा आहे. बघत कुठं होतीस?"

"खाली. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत कसं बघणार?"

"मग?"

"मग म्हणाला, इतक्या मुलांतून शाळेनं तुलाच का निवडलं?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, देवाची इच्छा. माझ्याहून चांगल्या मुली पुष्कळ आहेत."

वुबालेमला हसू आलं, आणि अर्ध्यावर अडकलं. किती शहाण्यासारखं उत्तर होतं. आमच्या कुठल्याही चांगल्या घरच्या मुलीनं हेच दिलं असतं, आणि आजूबाजूच्या म्हाताऱ्या खूश झाल्या असत्या. पण तिकडे नम्रपणा खरा मानतात. माझ्याहून चांगल्या आहेत म्हटलं, तर म्हणतात, बरं, मग त्यांना बोलावू. त्या अमेरिकन बाईच्या संगतीत वुबालेम हे केव्हाच शिकली होती. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

सांगितलं असतं?

दार ढकलून देब्रितू आत आली. ती बसली नाही.

"वाटलंच मला इथं असणार," ती लेकीला म्हणाली. मग वुबालेमकडे वळली. "वुबे, मी भांडायला आले नाही. हिच्यावर थुंक."

मोठी माणसं आशीर्वाद देताना थुंकीचा तुषार उडवतात. आणि नजर ज्याची, उतारही त्याच्याच थुंकीत, असं आमच्याकडे मानतात. देब्रितू यातलं कुठलं मागत होती ते तिघींनाही कळलं.

"म्हणजे माझी नजर लागली म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. तू थुंक, एवढंच."

"इतकी वर्षं तुझी पोर माझ्या चुलीपाशी बसली. तेव्हा नाही लागली नजर?"

"तेव्हा ती कुठं जात नव्हती," देब्रितू म्हणाली.

पत्र्यावर पावसाचा एक सपकारा येऊन गेला. वुबालेमला वाटलं, हिला घराबाहेर काढावं. तोंड भरून शिव्या द्याव्यात. पण देब्रितूचे डोळे सुजले होते आणि तिच्या ओढणीला अजून मिरचीचा वास येत होता. बोटं तिखटानं भाजून लाल झाली होती. कुठल्याही परक्या थंडीत लेकीच्या ताटाला आपली चव असावी म्हणून त्या बोटांनी भर पावसात मिरच्या कुटल्या होत्या. वुबालेमसाठी असं कुणी कुटायला बसण्याआधीच सगळं आटोपलं होतं.

"थुंकीनं ती खिडकी उघडत नाही, देब्रितू," ती म्हणाली. "बस. खाली बस म्हणते ना. आणि तू ऊठ गं. मी तो खिडकीतला माणूस."

तिनं मधे स्टूल ओढलं. मस्तेवाल त्याच्यापलीकडे उभी राहिली.

"मान वर. माझ्या डोळ्यांत बघ. मी काही लांडगा नाही. हं. तुला या शाळेत जायचंय?"

मस्तेवालनं श्वास ओढला.

"नाकानं नाही, तोंडानं."

"हो."

"परत."

"हो. मला जायचंय."

"घराला ऐकू आलं, खिडकीला नाही."

"हो, मला जायचंय," मस्तेवाल म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज असा आला की देब्रितूनं चमकून लेकीकडे पाहिलं.

"इतक्या मुलांत शाळेनं तुलाच का निवडलं?"

मान पुन्हा खाली गेली. "देवाची इच्छा..."

"देव माझ्याशी बोलला नाही. तू बोल."

"मी मेहनत करते."

"मेहनत गाढवंही करतात. बाजाराच्या रस्त्यावर बघ, मिठाखाली वाकलेली. तुलाच का?"

"मी... मला वाचायला आवडतं."

"मग लायब्ररीत जा. अमेरिकेला कशाला? तुलाच का?"

मस्तेवालच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मी हुशार आहे असं म्हणायचंय ना मी? ते मला येत नाही. खोटं बोलल्यासारखं वाटतं. मला कुणी कधी तसं म्हटलेलंच नाही. तुम्हीसुद्धा नाही."

"तोंडावर म्हणतात का असं पोरीला?" देब्रितू घाईनं म्हणाली. "नजर नाही लागायची?"

खरंच होतं ते. आमच्याकडे आई आपल्या गोऱ्यागोमट्या बाळाला काळू म्हणते, आणि पहिला आलेल्या मुलाला बाप चारचौघांत ठोंब्या म्हणतो. कौतुक म्हणजे उघड्यावर टाकलेलं मांस, घारी टपलेल्याच असतात. साऱ्या गावाची ही रीत, आणि वुबालेमला ती किती सोयीची झाली होती. या रीतीच्या आडोशाला ती इतकी वर्षं उभी होती आणि कुणाला संशयही आला नव्हता, कारण तिथं सगळेच उभे होते.

मस्तेवाल नाक ओढत उभी होती. परवा ती पुन्हा त्या खिडकीपुढे जाईल, पुन्हा जमिनीकडे बघेल, पुन्हा म्हणेल माझ्याहून चांगल्या आहेत. आणि परत येईल. इथंच, या चुलीपाशी. काही न बोलता नुसतं बसून राहिलं तरी हे होणार होतं. वुबालेमला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायची तिला सवय होती.

ती स्टुलावर दोन्ही हात टेकून पुढं वाकली.

"रडू नको. बघ माझ्याकडे," ती म्हणाली. "काल तू तोंड पाडून परत आलीस, तेव्हा मी पोटभर जेवले. गाणं म्हणत भांडी घासली. तुझी आई खोटं बोलत नाही. मला तू जायला नको होतीस."

देब्रितू झटकन उठली आणि लेकीपुढं आली. हात पसरून, जणू वरून काही पडणार होतं. वाईट शब्द झटकायला थुंकण्यासाठी तिचे ओठ मुडपलेले होते.

"थुंकू नकोस, देब्रितू. बाजूला हो. ऐकू दे तिला."

देब्रितू हलली नाही. मस्तेवालच आईच्या खांद्याआडून पुढं आली आणि तिनं बाईंच्या डोळ्यांत पाहिलं, सरळ.

"त्या फोनवर शाळेनं मला विचारलं होतं, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, मेहनती आहे, आज्ञाधारक आहे. पुढचा शब्द जिभेवर होता, तो मी गिळला. तो आता तुझा तू घे. तू हुशार आहेस, मस्तेवाल. मी शिकवलेल्या सगळ्या पोरांत तुझ्यासारखं कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते, अठराव्या वर्षी लाल कोट घालून गावभर मिरवत होते तेव्हासुद्धा नव्हते. त्या वाक्याचा अर्थ तू मला विचारलास ना, त्याच दिवशी मला हे कळलं होतं. तो अर्थ मला येत नव्हता."